पाणी कवा चढते ते लिहून पाठव

मौजा पिपरघाट, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली
९ नोव्हेंबर २०२५

चि. नीलिमा हिले बापाचा आशीर्वाद.

बुढ्याले आता पत्र लिहाचं काय सुचलं, असं तुले वाटन. सुचलं बिचलं काही नाई, नाइलाज आहे. आईसंग तू फोनवर अर्धा अर्धा तास बोलते अन् माहा आवाज आला की फोन कटते. पत्र कटत नाई. फाडायचं असन तर फाड, पण पहिले वाचून घे. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, इथवर याले माही अर्धी दुपार गेली.

कामाचं लिहितो. तुह्या आईले समुद्र पाहाचा आहे. समुद्र म्हणजे काकीनाड्यासमोरचं ते वाळूचं होप बेट, जिथी आठ वर्षापहिले जावयानं मले नेलं होतं. तवा तुह्या वहिनीचं, रंजीताचं, पहिलं बाळंतपण होतं म्हणून तुही आई घरी राह्यली अन् मी एकटाच तुमच्याकडे आलो होतो. आता तिले कोणीतरी सांगतलं की ते बेट गोदावरीनं आणलेल्या रेतीचं झालं आहे. गोदावरीत प्राणहिता, अन् प्राणहितेत आपली वैनगंगा. झालं. तवापासून घाटावर भांडे घासता घासता मूठभर रेती पाण्यात सोडते अन् म्हणते, जा बाई नीलिमाकडे. बाया हासतात. मी म्हनलं, तुही रेती पोचाले शंभर वर्ष लागन, त्यापेक्षा आपण रेल्वेनं जाऊ.

बेत असा आहे. धानाची मळणी, चुरणा, आटपला की जानेवारीत निघाचं. बल्लारशावरून विजयवाडा, तिथी गाडी बदलून काकीनाडा. तिकिटाचं तुहा भाऊ प्रणित मोबाईलवर पाहते. संक्रांत तुमच्याकडे मोठी असते, सासरचे लोक जावयाले मान देतात म्हणे. आपल्याकडून तसा मान कधी गेला नाई. या वर्षी द्यावा म्हणतो.

आता विचाराचं ते विचारतो. त्या बेटावर तुह्या आईले बसाले सावली आहे का, सुरूचे झाडं अजून आहेत का तोडले. पिण्याचं पाणी काकीनाड्यावरूनच न्या लागते हे मले माहीत आहे. बोटीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय द्या लागते, तिचे गुडघे दुखतात, तर कोणी हात धरन का. अन् पाणी कवा चढते अन् कवा उतरते ते जावयाले विचारून टाइमासकट लिहून पाठव. बाकी विसरली तरी चालन, हे विसरू नको.

जावयाचा एक शर्ट माह्याजवळ आहे, निळ्या चौकड्याचा. पेटीत धुऊन ठेवला आहे. तो द्याचा राहून गेला.

मागं जे झालं ते झालं. बोट कोणाच्या गलतीनं गेली हे आता उकरून काय फायदा. दर दिवाळीले बर्फाच्या गाडीसंग सुकी मासोळी पाठवते, पाकिटावर नाव आईचं असते, खातो मी. त्याबद्दल तुहा आभारी आहे. आठ वर्षात हे पहिल्यांदा लिहून राह्यलो.

तुहा बाप,
मुखरू

पिपरघाट
२७ नोव्हेंबर २०२५

चि. नीलिमास,

तुह्या आईनं फोन ठेवला अन् माह्यासमोर येऊन बसली. म्हणे, नीलिमा म्हणते, आई तू ये, कवाही ये. बाबाले याचं असन तर माह्या नवऱ्याबद्दल गावात जे सांगतलं ते पहिले गावातच मागं घ्यावं, मंग यावं. नाई तर मी दारात उभं करणार नाई.

मले राग आला. जेवलो नाई. संध्याकाळी भूक लागली तर जेवलो.

तुले वाटते मी त्याचा दुश्मन आहे. आठव जरा. तो बर्फाची मासोळी घेऊन चामोर्शीच्या बजाराले येत जाय, तू अन् आई तिथी दुकान लावून बसत जा. मी म्हणो, बर्फातली मासोळी म्हणजे मेलेल्या माणसाले पावडर लावणं. त्याच मासोळीवाल्यानं पोरगी मागतली. भावकीतले लोक म्हणत होते, भाषा येत नाई, मुलूख माहीत नाई, कायले देता. मी म्हनलं, आपल्यासारखाच पाण्यावरचा माणूस आहे, पाण्यावरच्या माणसाचा मले भरोसा आहे. हो कोणी म्हनलं? मीच म्हनलं.

अन् गावात मी काय सांगतलं? बोट वाहून गेली, जावयानं दोर बांधला नाई, पेला असन. 'असन' म्हनलं होतं मी. पेला होता, असं म्हनलं नाई. पुढं गावानं त्यात तेल मीठ घातलं. भावकीतल्या मयुरीच्या लग्नात गावच्या अन्नपूर्णानं तुले बायांच्या पंगतीत विचारलं, तुह्या नवऱ्यानं दारूत बोट घालवली म्हणे. तू जेवणाचं ताट सोडून उठली अन् भरल्या मांडवात माह्यापुढे उभी राह्यली. म्हनली, बाबा, तुमी तिथी होते, सांगा याईले खरं काय ते. मी म्हनलं, जे आहे ते आहे. तू त्याच पावली गेली. तुह्या आईनं मांडवाच्या बाहेरपर्यंत तुह्यामागं धाव घेतली, मी बसून राह्यलो. जिलेबी वाढत होते, ते बी आठवते मले.

तुही चंचल तवा पावणेदोन वर्षाची होती. माह्या मिशा ओढे. आता दहावीत लागली असन, म्हणजे दहाव्या वर्षात. फोटोत उंच दिसते. नाक तुह्या आईचं घेतलं, बरं झालं, माहं नाई घेतलं.

तिकिटं काढली आहेत. दोन काढली. माह्या नावाचं परत करता येते, प्रणितले विचारून ठेवलं.

तुह्या आईचं सामान सुरू झालं. वीस किलो नवा तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, सरगुंडे, मोहाचे लाडू. मी म्हनलं, बाई, तिकडे बी लोक भातच खातात. ती म्हणे, आपला भात नाई खात.

बरं, एक कबूल करतो. तो पेला नव्हता. त्याच्या तोंडाले मले कधी दारूचा वास आला नाई, त्या दिवशी बी नाई अन् दुसऱ्या कोणत्या दिवशी बी नाई. पेला असन म्हनलं ही माही गलती. दोराचं मात्र...

रंजीता पोस्टात चालली, घाई करून राह्यली. इथीच थांबतो.

मुखरू

पिपरघाट
११ डिसेंबर २०२५

नीलिमा,

हे पत्र पहिले एकटीनं वाच. मंग जावयाले वाचून दाखव. मागच्या पत्रात रंजीताले घाई नव्हती. ती दारात उभी राहून बिस्कूट खात होती. मलेच पुढं लिहाचं नव्हतं.

भादव्यात इथी एक गोष्ट झाली. आभाळ साफ होतं, ऊन पडलं होतं. मी डोंग्याचं नाक रेतीवर ओढलं अन् जेवाले घरी आलो. वरतं कुठी पाणी पडलं असन, धरणातून पाणी सोडलं, भोंगा बी वाजला म्हणतात, मी भाकर खात होतो, ऐकला नाई. परत घाटावर येतो तर डोंगा नाई. तिसऱ्या दिवशी खालच्या गावचा आपला कोलू डोंगा घेऊन आला. धारेच्या उलट्या अंगानं बांबू रोवत रोवत आणला त्यानं, हाताले फोड आले होते. बांधला काऊन नव्हता, असं एका शब्दानं विचारलं नाई. चहा पेला अन् गेला.

तो गेल्यावर तुही आई हळूच म्हनली, "तवा बी दोर तुमच्याच हातात होता नं?"

आठ वर्षात तिनं विचारलं नव्हतं. मी हो म्हनलं नाई, पण नाई बी म्हनता आलं नाई. तवापासून माही झोप गेली, अन् तवापासूनच तिले समुद्र पाहाचा आहे. मले वाटते समुद्राचं तिचं निमित्त आहे.

आता सांगतो. त्यानं बोट बेटाच्या टोकाले लावली. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याले तांदळाची थैली द्याची होती त्याले. माह्या हातात दोर अन् लंगर देला अन् खुणेनं सांगतलं, वर नेऊन रोव. त्याले मराठी बजारापुरतं येते, मले तेलुगू तेवढं बी येत नाई, पण ती खूण समजली होती. समजली नाई असं म्हणणार नाई. मी मनात म्हनलं, हा मले शिकवते. मासोळीच्या पिल्लाले पोहणं कोणी शिकवते का. वैनगंगेच्या रेतीवर डोंगा ओढून ठेवण्यात माही उमर गेली. नाक रेतीवर चढलं म्हणजे डोंगा कुठी जात नाई. नदीचं पाणी वरून खाली जाते, पूर आला तर आवाज करत येते. चांगल्या उन्हात उठून काठावर चालत येत नाई. मी दोर लंगरासकट बोटीत टाकला अन् सुरूच्या सावलीत आडवा झालो.

डोळा उघडला तर पाणी माह्या पायाले लागत होतं. पाऊस नाई, पूर नाई. बोट चाळीस हात आत गेली होती.

मी उडी टाकली. लाटेनं मले उलटं पालटं केलं. नदीत माणूस धारेसंग तिरपा निघते, तिथी धार कोणीकडे हेच समजेना. नाकातोंडात खारट पाणी गेलं. नीलिमा, तुहा बाप, ढिवराचा पोरगा, ज्यानं नदीतून सात माणसं काढले, तो बुडाला. दोनदा खाली गेलो. तिसऱ्यांदा वर आलो तवा तो थैली फेकून धावत येताना दिसला.

बोट अन् मी दोन दिशेले चाललो होतो. बोट त्याच्या जवळ होती, मी दूर होतो. दहा पंधरा हात मारले असते तर बोट हाती लागली असती, अन् मंग इंजन लावून माह्याकडे येतो म्हनलं असतं तर मी तवर राह्यलो नसतो. त्यानं बोटीकडे पाह्यलं. त्याले पाहताना मी पाह्यलं. मंग तो माह्याकडे आला.

रेतीवर पालथं घालून त्यानं माह्या पोटातलं पाणी काढलं. आपला कोरडा शर्ट काठावर टाकला होता तो मले घातला. तोच निळ्या चौकड्याचा. स्वतः उघडा बसला. पिण्याचं पाणी एक बाटली होती, सगळी मले पाजली. मी रडून राह्यलो होतो. त्याले वाटलं भेव लागलं असन. मी त्यासाठी रडत नव्हतो. ढिवर पाण्यात बुडाला अन् बर्फाच्या मासोळीवाल्यानं काढला, हे गावाले समजलं तर मी घाटावर उभा कसा राहू, एवढंच माह्या डोक्यात होतं. बोट गेली हे बी तवा डोक्यात नव्हतं. मी त्याचे हात धरले अन् मान हालवली, सांगू नको. त्यानं छातीवर हात ठेवला.

दुसऱ्याच्या बोटीनं आमी धक्क्यावर आलो तवा लोक जमले होते. बोट कशी गेली, सगळे विचारत होते. त्यानं सांगतलं, मी बांधली नाई. तू बी तिथीच होती, चंचल कडेवर होती. तू त्याले सगळ्यासमोर बोलली. त्यानं ऐकून घेतलं. मी बाजूले उभा होतो, त्याचाच शर्ट घालून.

दोन दिवसांनी बोट बंदराच्या दगडावर फुटलेली सापडली. मी त्याच्या आधीच गाडीत बसलो होतो. पुढं दोन वर्ष तो दुसऱ्याच्या बोटीवर मजुरी करत होता, हे मले तुह्या आईकडून समजे अन् मी जागेवरून उठून जाओ.

ज्यानं जीव वाचवला त्याले मी पेताड काऊन केलं, हे तू विचारशील. तो गप्प होता म्हणून. मले वाटे, आज ना उद्या हा तोंड उघडन. म्हणून मी पहिले उघडलं. त्यानं मात्र आजवर उघडलं नाई. तुह्याजवळ बी नाई, नाई तर मांडवात तूच सांगतलं असतं.

त्याचं नाव मी आठ वर्षात घेतलं नाई, जावई म्हणूनच चालवलं. अप्पलराजू. माह्या अंगात आज जो श्वास चालू आहे तो त्याचा आहे. या आठ वर्षात मी प्रणितच्या दोन पोराईले खांद्यावर घेऊन मंडईची जत्रा दाखवली, तुह्या आईसंग भांडलो, मरळ खाल्ली, थंडीत शेकोटीले बसलो. ते सगळं त्यानं देलं आहे. मले हे रोज माहीत होतं. एक दिवस असा गेला नाई की माहीत नव्हतं.

मुखरू

पिपरघाट
२९ डिसेंबर २०२५

चि. नीलिमास,

काल मच्छीमार सोसायटीची मीटिंग होती, समाजमंदिरात. तलावाच्या ठेक्याचं आटपलं अन् अध्यक्ष म्हनले, कोणाचा काही विषय आहे का. मी उभा झालो. प्रणित माह्या शर्टाले मागून ओढून राह्यला होता, त्याले वाटलं मी ठेक्यावर भांडतो.

सगळं सांगतलं. तुले लिहिलं तसंच सांगतलं, दोरापासून शर्टापर्यंत. जावई पेत नाई हे दोनदा सांगतलं. मंग मागून एका पोट्ट्यानं विचारलं, "मुखरूभाऊ, पण तुमी बुडले कसे?"

मी म्हनलं, "सगळे बुडतात तसाच. खाली."

तवा जे हासले, बाप्पा, छत उडते का काय वाटलं. मी बी हासलो. आठ वर्ष ज्याच्या भेवानं मी माही पोरगी तोडली ते इतकंच होतं, पाच मिनिटाचं हासणं. कोलू सोसायटीत नाई, तो नुसता बसाले आला होता, तो हासला नाई. बाहेर आल्यावर म्हनला, मुखरू, डोंगा गेला त्या दिवशी तुह्या तोंडावरूनच मले समजलं होतं की हा पहिल्यांदा नाई गेला. असा माणूस आहे.

अन्नपूर्णा घरी आली. दारातच बसली, आत येईना. म्हणे, मीच नीलिमाले पंगतीत बोलली होती, तिले सांगा माह्यानं बी चुकलं. तिनं आंबाडीच्या बोंडाची चटणी देली आहे तुह्यासाठी, लग्नाआधी तुले आवडे म्हणे. सामान आता तीन बोरे झालं.

रात्री जेवताना प्रणित म्हणे, बाबा, आता लोक तुमाले घाटावर चिडवतीन. मी म्हनलं, चिडवू दे. आजच सकाळी एकानं आवाज देला, मुखरूभाऊ, पाण्यात जाता का जावयाले बोलावू. मी त्याले एक चांगली शिवी देली अन् जाळं उचललं. अंग हलकं झाल्यासारखं वाटते.

हे तू बोलावावं म्हणून केलं असं समजू नको. म्हणजे त्यासाठीच सुरू केलं होतं, खोटं कायले बोलू. पण उभा झालो तवा तू डोक्यात नव्हती. तो उघड्या अंगानं रेतीवर बसलेला दिसत होता. आता तू नाई म्हनली तर मी आईले गाडीत बसवून देईन, प्रणित संग येईन, अन् शर्ट तिच्याजवळ पाठवीन. राग धरणार नाई.

आणखी एक. दोरासाठी आंबाडी बोडीच्या पाण्यात भिजत घातली होती, ती काढली, धुतली, वाळवली. मी अन् कोलू रोज दुपारून दोर वळून राह्यलो. तीन पेडी, चाळीस हात. नायलॉनचा दोर तिथी दुकानात भेटते हे मले माहीत आहे. हा माह्या हातचा आहे. मी आलो नाई तरी हा येईन.

मुखरू

पिपरघाट
९ जानेवारी २०२६

चि. नीलिमास,

तू काल फोन केला. आईनं बोलून झाल्यावर माह्या हातात देला. मी कानाले लावून उभा राह्यलो, आता कटन म्हनलं. कटला नाई. तुहा श्वास ऐकू येत होता. मंग तू म्हनली, "बाबा, आईसाठी शाल आणजा, बोटीवर वारा लागते." अन् जराशानं म्हनली, "तुमच्यासाठी बी आणजा."

मी हो म्हनलं. हे पत्र बहुतेक आमच्या मागून पोचन, तरी लिहितो, कारण जे फोनवर राहते ते पत्रातच लिहाची मले आता आदत झाली.

अप्पलराजूनं पाणी चढण्या उतरण्याचे टाइम पाठवले. प्रणितच्या मोबाईलवर कागदाचा फोटो आला, अक्षर तुहं आहे, पण आकडे त्याचे आहेत, ओळखू येतात. चौदा तारखेपासून वीस तारखेपर्यंत, दिवसातून दोनदा. मी ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतले. पाणी दिवसातून दोनदा चढते अन् पोराबाळाले बी ते माहीत असते, अन् मी सासरा म्हणून गेलो अन् एका शब्दानं विचारलं नाई. विचारलं असतं तर त्यानं सांगतलंच असतं.

बल्लारशाले प्रणित पोचवून देते. बोरे आता चार झाले. दोर मी हातात घेऊन बसणार आहे, सामानात देणार नाई.

मुखरू

होप बेट
१७ जानेवारी २०२६, दुपार उतरताना

नीलिमा,

तू माह्यापासून शंभर पावलावर आहे अन् मी तुले पत्र लिहून राह्यलो, त्याच टाइमाच्या पुठ्ठ्याच्या मागं. चार दिवस तुह्या घरी झाले. तोंडानं एक बी गोष्ट धड सांगता आली नाई. स्टेशनवर अप्पलराजूच्या पाया पडाले वाकलो तर त्यानं माह्या हातातला बोरा घेतला अन् म्हनला, "मामा, चला, गाडी उभी आहे." झालं. त्याच्या बाजूनं विषय संपला.

आज सकाळी तो तोच शर्ट घालून आला. पोटावर तंग होते, खालचं बटन लागत नाई, तरी घातला. चंचल हासत होती, तिले कोणी काही सांगतलं नाई. सांगजो तिले. आजोबा बुडत होते अन् बाबानं काढलं, असं सांगजो. माह्यासमोर सांगजो.

तुही आई इथी उतरली तवापासून वाकून वाकून रेती पाहून राह्यली. एक मूठ उचलली, डोळ्याजवळ नेली अन् म्हणे, ही आपल्याच घाटाची आहे. मी म्हनलं, कशावरून. म्हणे, मले ओळखू येते. आता तुमी तिघी मोठ्या पाण्याकडे गेल्या, तिचा हात चंचलनं धरला आहे. लाट आली की ती लुगडं उचलून मागं पळते अन् पुन्हा पुढं जाते. तिचे गुडघे दुखतात म्हणे.

आता तुह्या पाठीमागं काय झालं ते सांगतो, तू पाह्यलं नाई. बोट त्यानं टोकाले लावली, त्याच जागी. माहा दोर पुढच्या कडीले बांधलाच होता. दुसरं टोक त्यानं उचललं, लंगर त्याले अडकवला अन् दोन्ही माह्या हातात देले. या वेळी खूण केली नाई. तांदळाची थैली खांद्यावर घेतली अन् वस्तीकडे चालला गेला. मी पाहत राह्यलो, आता वळून पाहन, मंग वळून पाहन. एकदा बी वळला नाई.

मी लंगर वरतं नेला, सुरूच्या झाडापर्यंत, अन् रोवला. दोनदा ओढून पाह्यला. मंग झाडाले एक वेढा बी मारला. तुही आई जाता जाता थांबली अन् तिसऱ्यांदा ओढून पाह्यला.

पाणी चढून राह्यलं आहे. पुठ्ठ्यावर लिहिलं तसंच, त्याच टाइमाले. बोटीच्या नाकाखालची रेती गेली, बोट उचलली, जराकशी हालली, दोर ताणला अन् थांबली. माह्या घोट्याले पाणी लागलं. मी हाललो नाई. दोर पक्का आहे, तरी हातात धरून बसलो आहे.

वस्तीकडून तो येताना दिसून राह्यला, सावकाश चालून राह्यला. तुमी बी सावकाश या. बोट इथीच आहे.

तुहा बाप